पाळीवरून घरी पोचेपर्यंतची पिशवी

रायपूरहून बिलासपूर रस्त्याला लागलं आणि भनपुरी ओलांडली की बीरगाव. कागदोपत्री त्याचं स्वतःचं नगर निगम आहे, पण रायपूर कुठे संपलं नि बीरगाव कुठे लागलं हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. एका अंगाला उरला, पुढे सिलतरा. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिला, फेरो अलॉयचे कारखाने आणि घरांच्या गच्च्यांवर काळी धूळ. सकाळच्या पाळीला निघालेल्या सायकलींच्या हँडलला, मोटरसायकलींच्या हुकाला एकेक पिशवी लटकलेली असते. उघडून पाहिली तर साधारण हे निघतं: स्टीलच्या डब्यात बोरे-बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजलेला भात, मीठ, एक कांदा, दोन हिरव्या मिरच्या, कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत पाणी आणि बाटलीला दोऱ्यानं बांधलेलं ओलं फडकं, गमछा, गुडाखूची, म्हणजे दातांना लावायच्या तंबाखूच्या लगद्याची, डबी, चार्जरची वायर, गेट पास आणि घडीवर चिरलेली आधारची झेरॉक्स. माणूस बिहारकडचा असेल तर भाताच्या जागी सत्तूची पुडी.

आणीबाणीसाठी म्हणून ही पिशवी कुणी भरलेली नाही. तरीही संकटकाळी जवळ काय असावं, या विषयावर जगभर जे सांगितलं जातं आणि जे विकलं जातं, ते या पिशवीशेजारी ठेवून पाहिलं तर पाऊण काम तिनं आधीच केलेलं दिसतं. राहिलेलं पाव काम कोणतं, आणि विकाऊ याद्यांतलं काय इथे निव्वळ ओझं ठरेल, एवढाच या आढाव्याचा विषय आहे.

आधी या कल्पनेचा उगम. अमेरिकेत सिएटलच्या 'माउंटेनियर्स' या गिर्यारोहण संस्थेनं १९३०च्या दशकात डोंगरात जाणाऱ्यासाठी दहा आवश्यक वस्तूंची यादी केली. नकाशा, होकायंत्र, काडेपेटी, चाकू, जादा कपडे, विजेरी वगैरे. आज 'सर्व्हायव्हल किट' म्हणून जे खपतं ते मुख्यतः या यादीचं आणि अणुयुद्धाच्या भीतीतून आलेल्या घरगुती साठ्याच्या कल्पनेचं अपत्य आहे. बहात्तर तास कुणाच्या मदतीविना निभावता यावं, हा त्यातला ठरलेला आकडा. युरोपीय संघानं मार्च २०२५ मध्ये आपल्या नागरिकांना तोच सांगितला. स्वीडननं २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये घरोघर पुस्तिका पाठवली. आपल्याकडे ७ मे २०२५ ला नागरी संरक्षणाची देशव्यापी रंगीत तालीम झाली. छत्तीसगडमधून तिच्यात दुर्ग-भिलाईचा समावेश होता. त्या आठवड्यात 'घरात काय काय भरून ठेवावं' याच्या याद्या मोबाइलवरून अशा फिरल्या, की त्या वाचणाऱ्या निम्म्या मंडळींनी वाण्याकडे जाऊन फक्त साखर आणि तेल जास्तीचं आणलं.

आपल्या मुलखाला ही गोष्ट नवी नाही. धनगराची घोंगडी म्हणजे अंथरूण, पांघरूण, रेनकोट सारं एकातच. कमरेच्या चंचीत पान-तंबाखूबरोबर चकमक नि कापूस. आजीचा बटवा, प्रवासाची शिदोरी, वळकटीत खुपसलेला तांब्या. वारीत आजही लाख माणसं जी एक वस्तू न चुकता खांद्यावर टाकतात ती म्हणजे प्लास्टिकचा कागद. पाऊस आला की अंगावर, थांबलं की खाली. घडी केली तर हातरुमालाएवढी होते आणि महागड्या रेनकोटाइतकीच कामाला येते. बीरगावच्या पिशवीत जुलैत टाकायची पहिली वस्तू हीच.

आता प्रश्न असा की संकट कोणतं? डोंगरात हरवण्याचं संकट बीरगावच्या माणसावर येत नाही. त्याच्यावर आणि आपल्यातल्या बहुतेकांवर जे येतं ते साधं असतं: घरी पोचता येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा मुंबईकर जंगलात नव्हते. ऑफिसात, लोकलमध्ये आणि गाडीत होते. काही जण बंद गाडीतच गुदमरून गेले, कारण पाण्यानं दारं-काचा उघडेनात. त्यानंतर कित्येकांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली. (ती मारायची बाजूच्या काचेवर, कोपऱ्यात. समोरची काच दोन थरांत चिकटवलेली असते, ती तडकते पण सुटत नाही.) तोक्यो शहरात ११ मार्च २०११ च्या भूकंपात इमारती बहुतांश शाबूत राहिल्या, पण गाड्या थांबल्या आणि राजधानीच्या परिसरात ५० लाखांहून जास्त माणसं त्या रात्री घरी जाऊ शकली नाहीत. त्यातून तिथल्या प्रशासनानं धडा घेतला तो असा: एप्रिल २०१३ पासून लागू झालेल्या नियमात कंपन्यांना सांगितलं गेलं की कामगारांसाठी तीन दिवसांचं अन्नपाणी ठेवा आणि त्यांना लगेच घराकडे सोडू नका. पिशवीचा भार माणसाच्या खांद्यावरून कंपनीच्या कपाटाकडे सरकवणारा हा नियम मला सगळ्या याद्यांपेक्षा शहाणा वाटतो.

आणि २७ जुलै २०१९. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात उभी राहिली. रात्रीपासून दुपारपर्यंत सुमारे १,०५० प्रवासी डब्यांत अडकून होते. त्यांत नऊ गरोदर बायका. एनडीआरएफच्या होड्या आल्या, सगळे वाचले. पण त्या रात्री उणीव कशाची होती? प्यायचं पाणी, खाणं, उजेड, मोबाइलची चार्जिंग. चारही गोष्टी एका हातपिशवीत मावतात.

रायपूरच्या मराठी माणसाला हे मुद्दाम सांगायला हवं, कारण त्याचं जाणं-येणं रेल्वेचं. भोसल्यांच्या राजवटीपासून या भागात मराठी घरं आहेत. सणवार, लग्नकार्य, दवाखाना, सगळ्यासाठी नागपूरची गाडी. तीनेकशे किलोमीटरचा रस्ता, त्यात डोंगरगड ते सालेकसा हा जंगलाचा नि दरेकशाच्या बोगद्याचा पट्टा. तिथे गाडी दोन तास उभी राहिली तर चहावालाही येत नाही. ४ नोव्हेंबर २०२५ ला बिलासपूरजवळ मेमू गाडी मालगाडीवर आदळली. असा अपघात पिशवीनं टळत नाही, हे उघड आहे. पण थांबलेल्या गाडीतली रात्र ती नक्की सोपी करते. चार फुटाणे, गुळाचा खडा, पाण्याची भरलेली बाटली. बाटली भरलेली, हे महत्त्वाचं. आपल्यातले बरेच जण 'पुढच्या स्टेशनवर भरू' म्हणून रिकामी बाटली घेऊन बसतात.

बीरगावची स्वतःची आणीबाणी मात्र पावसाळ्यात येत नाही. ती एप्रिलच्या मध्यापासून रोज अकरा वाजता येते. रायपूरला मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. हवामान खात्याच्या व्याख्येत मैदानी भागात ४० अंश ओलांडून सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त झालं, की उष्णतेची लाट. हा सावलीतला आकडा आहे. भट्टीसमोर किंवा रोलिंग मिलच्या शेडमध्ये तापलेल्या लोखंडाचा झोत त्यावर चढतो. घाम तासाला लिटरभरही जाऊ शकतो, आणि त्याबरोबर मीठ जातं. उष्माघात म्हणजे शरीराचं आतलं तापमान ४०च्या पुढे जाऊन मेंदू भरकटणं. माणूस बरळतो, तोल जातो, कधी उगाच भांडायला उठतो. सोबत्यांना वाटतं, पिऊन आलाय. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण गेले. तिथे पारा चाळिशीच्या खालीच होता. पण समुद्राकाठची दमट हवा, सावली नाही आणि कित्येक तासांची बैठक.

म्हणून या गावच्या पिशवीचा पाया पाणी, मीठ आणि कापड. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो वजन. दोन लिटरच्या वर रोज कुणी नेत नाही, आणि न्या म्हणून सांगून उपयोगही नाही. कारखान्यात भरायला मिळायला हवं. १९४८च्या कारखाना कायद्यानं २५० हून जास्त कामगार असतील तिथे उन्हाळ्यात थंड पाण्याची व्यवस्था मालकावर घातली होती. दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी, हेही त्याच कायद्यातलं. ठेकेदाराच्या माणसाला त्या पेटीची किल्ली कुणाकडे असते ते विचारून पाहावं. बहुधा ऑफिसात, आणि ऑफिस पाचला बंद होतं.

मिठाचं काम ओआरएस करतं. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, खायचा सोडा नि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून पाजायला सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर चारच्या खाली आला. आतड्यात साखर मिठाला बरोबर घेऊन जाते आणि त्या दोघांमागून पाणी जातं, एवढंच त्यामागचं तत्त्व. आज पाकिटावर छापलेलं असतं ते जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ चं सूत्र: लिटरभर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट. एकूण साडेवीस ग्रॅम. दुकानात दोन आकाराची पाकिटं मिळतात, लिटरचं आणि पेलाभर म्हणजे २०० मिलिलिटरचं. सगळा घोळ इथे होतो. लिटरचं पाकीट एका पेल्यात ओतून 'स्ट्राँग' करून पिणारे खूप. ते पाणी भरण्याऐवजी आतड्यातच ओढून घेतं, लहान मुलाला तर धोक्याचंच. उलट अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या हेही चालत नाही, कारण उघडलेली पावडर ओल धरते. पिशवीसाठी लिटरचं पाकीट घ्यावं आणि पाणी मोजायला आपली तीच दोन लिटरची बाटली अर्धी भरावी. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर मापाचा आकडा असतोच.

दुसरी फसवणूक बाटलीबंद. 'ओआरएस' अशी अक्षरं मिरवणारी, पण साखरच जास्त असलेली पेयं बरीच वर्षं औषधाच्या दुकानात विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांच्या नावातून ते शब्द काढायला लावले. पैसे खर्चायचे नसतील तर मितानिनकडे जावं. छत्तीसगडनं २००२ मध्ये गावोगाव ही आरोग्यसेविका उभी केली, देशभरच्या 'आशा'च्या आधी, आणि तिच्या औषधपेटीत ओआरएस असतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

बासीचं काय? २०२२ पासून १ मे ला सरकारी पातळीवर बोरे-बासी खाण्याचा दिवस पाळला गेला, फोटो निघाले, चेष्टाही झाली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. भात, भरपूर पाणी आणि वरून मीठ हे भट्टीवर जाणाऱ्याचं जेवण म्हणून बिस्किटाच्या पुड्यापेक्षा चांगलंच. पूर्व विदर्भातल्या धान पिकवणाऱ्या गावांतही ते खातात. मात्र दुपारी दोननंतर डबा बंद राहिला तर ते आंबतं. तेव्हा ते त्या दिवसाचं जेवण झालं. 'अडकलो तर' म्हणून ठेवायचं खाणं वेगळं: सत्तू, मुर्रा म्हणजे मुरमुरे, फुटाणे, गूळ. परदेशी यादीतला चॉकलेटचा बार इथे मार्चमध्येच कागदाला चिकटतो. खिशातल्या कांद्यानं ऊन लागत नाही, ही समजूत विदर्भापासून इथपर्यंत सारखी आहे. कांदा खिशात ठेवून ऊन काही कमी होत नाही. भातासोबत खाल्ला तर उत्तम.

कापड म्हणजे गमछा. हातभर रुंदीचं हे सुती फडकं पिशवीतली सर्वांत हुशार वस्तू आहे. ओला करून डोक्यावर. ऊन लागून पडलेल्या माणसाला सावलीत नेऊन, कपडे सैल करून, त्यावर पाणी ओतून ओल्या गमछ्यानं वारा घालायला. दवाखान्याची वाट न बघता आधी थंड करायचं, मग न्यायचं. आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंब नाही. जखमेवर घट्ट दाबून धरायला. हात मोडला तर गळ्यात झोळी बांधायला. एकोणिसाव्या शतकात एस्मार्ख नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकानं सैनिकांसाठी त्रिकोणी पट्टी प्रचारात आणली आणि ती कशी बांधायची याची चित्रं तिच्यावरच छापली. आपला गमछा तिरका दुमडला की तीच पट्टी. चित्रं मात्र कुणी छापत नाही. कारखान्यानं दिवाळीला वाटायच्या गमछ्यांवर छापायला काय हरकत आहे? गमछा सुतीच हवा. पॉलिस्टरचं कापड ठिणगीनं वितळतं आणि कातडीला चिकटतं. त्याच कारणानं भट्टीवाल्यानं नायलॉनच्या भपकेबाज बॅगेपेक्षा जाड कापडाची पिशवी वापरलेली बरी. विकाऊ याद्यांतली ती चकचकीत 'थर्मल ब्लँकेट' इथे एकदाही उघडली जाणार नाही.

गमछा कुठे हरतो तेही सांगायला हवं. धुळीत तो फक्त ढोबळ कण अडवतो. बारीक धुरासाठी एन-९५ मास्क लागतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच. आणि वायूपुढे दोन्ही हरतात. इथून तासाभराच्या अंतरावर भिलाई पोलाद कारखान्यात १२ जून २०१४ ला पाण्याच्या पंप हाउसमध्ये बिघाड झाला, वायू शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतलं पाणी तुटलं आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडून सहा जण गेले. त्यात वरिष्ठ अधिकारीही होते. या वायूला वास नाही, रंग नाही. मास्क नि ओलं फडकं त्याला अडवत नाहीत. डोकं दुखतंय, मळमळतंय, एकाच वेळी दोघा-तिघांना गरगरतंय, एवढीच खूण. अशा वेळी पिशवी तिथेच टाकून मोकळ्या हवेकडे निघायचं. सोबती आत पडला तर श्वसनयंत्राशिवाय त्याच्यामागे धावायचं नाही, कारण अशा अपघातांत वाचवायला गेलेलाही पडतो. भोपाळच्या वायुगळतीनंतर वेगळ्या, वास येणाऱ्या वायूंसाठी एक गोष्ट सगळ्यांनी शिकायला हवी होती ती म्हणजे वारा बघणं. धुराड्याचा धूर ज्या दिशेला जातोय त्या दिशेला पळायचं नाही. वाऱ्याला आडवं, बाजूला निघायचं. बीरगावात धुराडी भरपूर, तेव्हा वारा बघायला साधन शोधावं लागत नाही. कारखान्यात वायुमापक यंत्र आणि भोंगा असणं ही मालकाची नि सरकारची जबाबदारी आहे. कामगाराच्या पिशवीत शिट्टी टाकून ती फिटत नाही.

शिट्टी तरीही टाकावी. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात दगडमातीची घरं कोसळली, तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. रायपूरही आज कमी धोक्याच्याच पट्ट्यात आहे. ढिगाऱ्याखाली ओरडून घसा लवकर बसतो, शिट्टी फुंकायला तेवढं बळ लागत नाही. सह्याद्रीतले ट्रेकर ती बॅगेच्या पट्ट्याला बाहेरून बांधतात, आत तळाशी नाही. हात अडकला तरी तोंडाशी यावी म्हणून.

विजेरीबद्दल थोडं जास्त. मोबाइलचा टॉर्च असताना वेगळी कशाला, असं सगळे म्हणतात. मोबाइल हा संकटातला फोन, नकाशा, पैसे आणि ओळखपत्र आहे. त्याची बॅटरी पायवाट दाखवण्यात घालवायची नाही. रात्रपाळी सुटून नाल्याकाठच्या वस्तीकडे चालत जाणाऱ्याला विजेरी लागते ती सापासाठी. छत्तीसगडात करैत, म्हणजे आपली मण्यार, रात्रीच फिरते. पाय कुठे पडतोय ते दिसलं की निम्मं काम झालं. चावलाच तर चिरा देणं, चोखणं, करकचून आवळणं यांतलं काही नको. हात-पाय न हलवता सरळ दवाखाना. त्यासाठी पिशवीत वस्तूच लागत नाही. विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रुजवला, जीव वाचवले. पण ते डॉक्टरांच्या हातचं औषध आहे, पिशवीत घालून फिरायचं नाही.

आता चाकू. परदेशी यादीत तो हमखास असतो, आणि हौशी तरुण पिशवीची सुरुवात त्याच्यापासूनच करतात. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं, घरगुती-शेतीकामाची हत्यारं सोडून, परवान्याच्या कक्षेत येतं. पण प्रश्न इंचांचा नाही. रायपुरात चाकूबाजी ही पोलिसांची जुनी डोकेदुखी आहे. रात्री अकराला नाक्यावर पिशवी तपासली गेली आणि आत फोल्डिंग चाकू निघाला, तर 'आणीबाणीसाठी' हे उत्तर कुणी ऐकून घेणार नाही. मेट्रोत, विमानतळावरही तो अडवतात. दोर, पट्टी, पाकीट कापायला बोथट टोकाची छोटी कात्री पुरते. फायर स्टील, मासे धरायचा गळ, कंपास... बीरगावात विस्तव हवा असेल तर पानठेल्यावर लायटर दोरीला टांगलेला असतो.

पॉवर बँक घ्यायची तर हिशेब समजून घ्यावा. दहा हजार एमएएचची बँक पाच हजारांचा फोन दोनदा भरेल असं वाटतं. व्होल्टेज बदलताना, उष्णतेत बरंच वाया जातं. प्रत्यक्षात दीड वेळा धरावं. त्याहून महत्त्वाचं, ती मोटरसायकलच्या डिकीत ठेवू नये. उन्हात डिकी भट्टीसारखी तापते, आणि लिथियमच्या बॅटरीला ते सोसत नाही. तोच नियम औषधांना. इन्सुलिन तर जातंच, साध्या गोळ्यांचाही दम कमी होतो. चिकटपट्टीचा गोंद ओघळतो, विजेरीत विसरलेले सेल पाझरतात. म्हणून इथली पिशवी पॅक करून वर्षभर विसरायची नसते. होळीला एकदा आणि पोळ्याला एकदा, असे दोन ठरलेले दिवस पुरतात: होळीला प्लास्टिकचा कागद काढून ओआरएस घालायचं, पोळ्याला सेल नि औषधांच्या तारखा बघायच्या.

औषधं स्वतःची, दोन-तीन दिवसांची. मधुमेह्यानं साखरेची पुडी वरच्या कप्प्यात. हृदयविकार असणाऱ्यानं कळ आल्यावर ॲस्पिरिन चावायची की नाही हे डॉक्टरला आजच विचारून ठेवावं. रक्तगट लिहिलेला बिल्ला पुष्कळ जण मिरवतात, पण दवाखाना रक्त द्यायच्या आधी स्वतः तपासतोच. त्यापेक्षा कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत हे लिहिलेलं उपयोगी. बायकांच्या पिशवीत सॅनिटरी पॅड असतो, तो जखमेवर दाबायलाही चांगला. रेजा, म्हणजे मजूर, म्हणून कामाला जाणाऱ्या बायकांना पिशवीपेक्षा जास्त गरज आहे ती कामावर संडास असण्याची. तो नसतो म्हणून त्या दिवसभर पाणी कमी पितात, आणि उन्हाळ्यात हेच त्यांना पाडतं. कुठल्याच यादीत हे सापडणार नाही.

कागद आणि पैसे यांचं महत्त्व कळलं ते २०२० नि २०२१ मध्ये. टाळेबंदीत महाराष्ट्र-तेलंगणातून पायी निघालेले हजारो मजूर रायपूरच्या टाटीबंध चौकात पोचत होते. ज्याच्याकडे कागद होता त्याचं नाव बसच्या यादीत लवकर लागलं. ८ मे २०२० ला जालन्याहून निघालेले सोळा जण औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले. त्यांच्याजवळ पोळ्या होत्या, पाणी होतं, कपडे होते. नव्हती ती गाडी. पिशवीवर फार भरवसा ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, एटीएम पाण्याखाली. खात्यात पैसे असलेली माणसं दुधाच्या पिशवीला महाग झाली. डिजिलॉकरमधलं आधार कायद्यानं मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे, पण बंद पडलेल्या फोनमध्ये ते नसल्यासारखंच. तेव्हा झिपच्या पिशवीत एक झेरॉक्स, ईएसआयचा नंबर आणि दहा-वीस-पन्नासच्या नोटांत पाचशे रुपये. पाचशेची एकच नोट ठेवू नये, संकटात सुटे कुणी देत नाही.

सगळं मिळून वजन पाण्यासह रोज उचलवेल त्याच्या पुढे जाऊ देऊ नये. गेलं की पिशवी चौथ्या दिवशी खुंटीला लागते, हा अनुभव सर्वांचा. डबा, पाणी, गमछा असतातच. नवं विकत घ्यायचं ते ओआरएस, विजेरी, शिट्टी, प्लास्टिकचा कागद, कात्री, दोन मास्क. पॉवर बँक जमलं तर.

आणि एक चिठ्ठी. बायकोचा, भावाचा, शेजाऱ्याचा नंबर आता कुणाला पाठ नसतो. फोन गेला की माणसं गेली. ११२, १०८, रेल्वेचा १३९ आणि घरचे तीन नंबर शाईच्या पेननं नव्हे, पेन्सिलीनं लिहावेत, शाई घामानं पसरते. एक प्रत पिशवीत, एक पोराच्या दप्तरात. गावाकडचा एक नंबरही त्यात घालावा, कारण रायपुरात सगळेच अडकलेले असतील तेव्हा गोंदियाची मावशीच सगळ्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवते.